संक्रांत ते आखाजी : खान्देशातील वसंत, कीटक आणि सामायिक शेती

१. विषयप्रवेश

माघाच्या उत्तरार्धापासून चैत्रापर्यंतचा काळ खान्देशात संपत आलेल्या हंगामाचा काळ मानला जातो. या दिवसांत जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत हरभरा सोंगला जातो, दादर ज्वारी आणि गहू खळ्यावर येतात, कपाशीची शेवटची वेचणी उरकून पऱ्हाटी बांधावर रचली जाते आणि शेतकऱ्याचे लक्ष पिकाकडून बाजारभावाकडे वळते. कीड हा विषय तेव्हा मागे पडतो, कारण जिला वाचवायचे ती कपाशी शेतात उभी नसते. फवारणीचा पंप कोपऱ्यात जातो आणि पुन्हा आठवण होते ती थेट जुलै-ऑगस्टमध्ये. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन असे आहे की, खरिपात जी कीड दिसते तिचे भवितव्य बव्हंशी या रिकाम्या वाटणाऱ्या महिन्यांतच ठरते, आणि ते एका शेतकऱ्याच्या शेतात न ठरता संपूर्ण गावाच्या शिवारात ठरते. त्यामुळे शाश्वत शेतीचा, म्हणजे जमीन, पाणी, जीवसृष्टी आणि शेतकऱ्याची मिळकत यांपैकी कशाचीही झीज न करता पिढ्यान्‌पिढ्या चालू शकणाऱ्या शेतीचा विचार खान्देशात करायचा झाल्यास त्याची सुरुवात वसंतापासून करावी लागते.

उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठा-सातमाळ्याच्या रांगा आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी, अशी या प्रदेशाची ठेवण आहे. १९०६ मध्ये ब्रिटिश सरकारने जुन्या खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले. त्यांतूनच पुढे जळगाव आणि धुळे हे जिल्हे आकारास आले आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. तापी, गिरणा, पांझरा, बोरी, अनेर आणि वाघूर यांच्या काठच्या काळ्या जमिनीत कपाशीचे पीक फार जुने आहे, तर रावेर, यावल, चोपडा आणि मुक्ताईनगर या तालुक्यांनी केळीच्या उत्पादनात देशभर नाव मिळवले असून जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. एका बाजूस वर्षातील काही महिनेच शेतात असणारी कपाशी आणि दुसऱ्या बाजूस बाराही महिने हिरवी असणारी केळी, या दोन पिकांच्या शेजारामुळे खान्देशातील कीटकांचा प्रश्न इतर कोरडवाहू प्रदेशांहून अधिक गुंतागुंतीचा झाला आहे.

२. एकाच पिकावर जगणारा शत्रू : गुलाबी बोंडअळी

कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचे पहिले शास्त्रीय वर्णन डब्ल्यू. डब्ल्यू. सॉन्डर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १८४३ मध्ये केले आणि त्यासाठी वापरलेले नमुने गुजरातेतील भडोच येथील कपाशीचे होते; म्हणजे खान्देशाच्या शेजारच्या प्रदेशातच या किडीची शास्त्राला प्रथम ओळख झाली. तिची मादी पाते, फुले आणि कोवळी बोंडे यांवर अंडी घालते, अंड्यातून निघालेली अळी अल्पावधीत बोंडात शिरते आणि आत शिरताच तिने केलेले छिद्र बुजून जाते. अळी लागलेली फुले नीट न उमलता पाकळ्या गुंडाळून कळीसारखी बंद राहतात आणि शेतकरी त्यांना डोमकळी म्हणतात. बोंडाच्या आत सरकी खात असलेल्या अळीपर्यंत बाहेरून फवारलेले औषध पोहोचत नाही, हे या किडीचे सर्वांत मोठे संरक्षण आहे.

या किडीच्या जीवनक्रमातील निर्णायक अवस्था हिवाळ्यात सुरू होते. दिवस लहान आणि रात्री थंड होऊ लागल्या की अनेक अळ्या कोषात न जाता सुप्तावस्थेत जातात. सुप्तावस्था म्हणजे वाढ, हालचाल आणि खाणे जवळजवळ थांबवून प्रतिकूल काळ काढण्याची कीटकांची शरीरव्यवस्था होय. अशी अळी दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोकळीत, न फुटलेल्या किडक्या बोंडात, पऱ्हाटीच्या ढिगात, पालापाचोळ्यात किंवा जिनिंगमध्ये साठवलेल्या सरकीत महिनोन्‌महिने पडून राहते. फाल्गुन-चैत्रात बांधावर किंवा घरामागे सरपणासाठी रचलेली पऱ्हाटी दिसायला निर्जीव असली, तरी पुढच्या हंगामातील पतंगांची पहिली पिढी तिच्यात सुरक्षित असते.

या किडीची दुर्बलता मात्र तितकीच स्पष्ट आहे. भेंडी आणि त्या कुळातील काही वनस्पतींवर ती क्वचित आढळत असली, तरी शेतात तिचे पोषण जवळजवळ पूर्णपणे कपाशीवरच होते. ऊन तापल्यावर आणि पुढे पहिल्या पावसाच्या ओलाव्याने जे पतंग सुप्तावस्थेतून बाहेर पडतात, त्यांना त्या वेळी शिवारात पाते लागलेली कपाशी मिळाली नाही तर ते अंडी घालण्यापूर्वीच मरतात. कीटकशास्त्रात याला आत्मघाती उद्भव असे म्हणतात. याउलट, पाणी देऊन मार्च-एप्रिलपर्यंत राखलेली जुनी कपाशी, जिला शेतकरी फरदड म्हणतात, आणि ठिबकच्या आधारावर मे महिन्यात लावलेली पूर्वहंगामी कपाशी, या दोहोंनी वर्षाची दोन टोके जोडली की कपाशीविना असलेला काळ अगदी आखूड होतो आणि किडीच्या वाटेवरील एकमेव अडसर दूर होतो.

भारतात बीटी कपाशीला मार्च २००२ मध्ये व्यापारी लागवडीची परवानगी मिळाली. बॅसिलस थुरिन्जिएन्सिस या जमिनीतील जिवाणूपासून घेतलेल्या जनुकामुळे बीटी कपाशी अळीला घातक असे प्रथिन स्वतःच तयार करते. २००६ पासून अशी दोन प्रथिने असलेले वाण आले आणि काही वर्षांतच खान्देशातील जवळजवळ सर्व कपाशी बीटी झाली. परंतु एकाच पिकावर जगणाऱ्या किडीवर वर्षाचे बहुतेक महिने एकच विष रोखून धरले, तर ते पचवू शकणाऱ्या मोजक्या अळ्याच जगतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. ही वाढ थोपवण्यासाठी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगरबीटी बियाणे दिले जात असे. त्याची भोवताली लागवड केली की तेथे वाढलेले, विषाला बळी पडणारे पतंग बीटीवर वाचलेल्या पतंगांशी संकर करतात आणि प्रतिकारशक्ती पातळ होते, असा त्यामागचा हेतू होता. पण आश्रयपट्टा नावाची ही लागवड फारच थोड्या शेतांत झाली. शिवाय भारतात कपाशीचे संकरित वाण लावले जात असल्याने एकाच बोंडातील काही सरक्यांत विषारी प्रथिन असते आणि काहींत नसते. या मिश्रणानेही अळीच्या सवयीला हातभार लागला. पहिल्या प्रथिनाविरुद्धची प्रतिकारशक्ती गुजरातेत २०१० च्या सुमारास नोंदली गेली, पुढे दुसरेही प्रथिन निष्प्रभ झाले आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रभर गुलाबी बोंडअळीचा मोठा उद्रेक झाला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. किडीवरचा सगळा भार औषधावर टाकण्याची किंमत कोण चुकवतो, हे त्या घटनेने दाखवून दिले.

या किडीला उपाशी ठेवण्याचा उपाय नवा नाही. मद्रास प्रांताने १९१९ मध्ये पिकांवरील किडी आणि रोगांविषयी कायदा केला आणि त्याच्या आधारे कंबोडिया नावाच्या कपाशीच्या वाणाची झाडे ठरलेल्या मुदतीत उपटून टाकण्याचे बंधन घातले. अमेरिकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये आपल्या कपाशीच्या प्रदेशातून गुलाबी बोंडअळीचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. तेथे बीटी वाण, वंध्य केलेल्या पतंगांची सोडणूक आणि मादीच्या गंधाने नराची दिशाभूल करण्याचे तंत्र यांच्या जोडीला हंगाम संपताच पऱ्हाटी नष्ट करण्याची शिस्त होती. महाराष्ट्राच्या कृषी विभागानेही अलीकडच्या वर्षांत शेतकऱ्यांना कपाशीचे बियाणे १ जूनपूर्वी विकण्यावर निर्बंध आणले होते, त्यामागे हाच विचार होता.

३. अनेक पिकांवर फिरणारा शत्रू : घाटे अळी

गुलाबी अळीला लागू पडणारा उपाय हिरव्या अळीला लागू पडत नाही, आणि हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे कीडनियंत्रणाचे अनेक उपक्रम फसतात. कपाशीवर जिला हिरवी बोंडअळी, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी आणि हरभऱ्यावर घाटे अळी म्हटले जाते, ती एकच जात असून टोमॅटो, मका, सूर्यफूल अशा कितीतरी पिकांवर ती वाढते. पावसाळ्यात कपाशी, हिवाळ्याच्या तोंडी तूर, पौष-माघात हरभरा आणि त्यानंतर उन्हाळी भाजीपाला, अशी तिची वर्षभराची वाट असते. मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोगा भागात प्रथम आढळलेली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोहोचलेली मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी हीदेखील अशीच बहुभक्षी आहे. खरीप, रब्बी आणि उन्हाळी अशा तिन्ही हंगामांत मका घेणाऱ्या शिवारात तिला अन्नाची उणीव भासत नाही.

अशा किडीला उपाशी ठेवता येत नाही, म्हणून तिच्या शत्रूंना जिवंत ठेवावे लागते. हरभऱ्याच्या शेतात कॅम्पोलेटिस नावाची लहानशी गांधीलमाशी घाटे अळीच्या कोवळ्या अवस्थेत तिच्या शरीरात अंडे घालते आणि त्यातून निघालेले पिल्लू अळीला आतून संपवते. असे जगणाऱ्या कीटकांना परोपजीवी कीटक म्हणतात. कपाशीवर उपयोगी ठरणारी ट्रायकोग्रामा ही अंड्यांवरील परोपजीवी गांधीलमाशी मात्र हरभऱ्यावर फारशी यशस्वी होत नाही, कारण हरभऱ्याच्या पानांवर पाझरणारी आंब तिला सोसत नाही. कोणता मित्रकीटक कोणत्या पिकात काम करतो, याचे ज्ञान औषधाच्या मात्रेइतकेच नेमके असावे लागते, हे यावरून दिसते. याशिवाय घाटे अळीलाच होणाऱ्या रोगाचा विषाणू, ज्याला एचएएनपीव्ही म्हणतात, सायंकाळी फवारला असता तो अळ्यांच्या पोटात जाऊन त्यांना मारतो आणि माणूस, जनावर, मधमाशी किंवा अन्य कोणत्याही मित्रकीटकाला इजा करत नाही. रोगट अळ्या झाडाच्या शेंड्याला उलट्या लटकलेल्या दिसू लागल्या की विषाणू पसरला असे समजावे.

हरभरा पेरताना त्यात ज्वारीचे थोडे दाणे मिसळण्याची शिफारस याच विचारातून आली आहे. ज्वारीची उंच ताटे पक्ष्यांना बसायला थांबे देतात आणि साळुंकी, कोतवाल, बगळे यांसारखे पक्षी अळ्या वेचून खातात. बांधावर कोथिंबीर किंवा जवस असल्यास त्यांच्या फुलांतील मधावर गांधीलमाश्या जगतात. कारण या माशीचे पिल्लू अळीवर वाढत असले तरी प्रौढ माशीला फुलांचा आहार लागतो. ढालकिडे आणि क्रायसोपर्ला ही हिरवी, जाळीदार पंखांची माशी मावा आणि तुडतुड्यांवर उपजीविका करतात. माघ-फाल्गुनात, पीक हाती येण्याच्या सुमारास, केवळ खबरदारी म्हणून केलेली तीव्र औषधाची एक फवारणी या सर्वांचा संहार करते आणि पुढच्या खरिपाची सुरुवात मित्रकीटकांच्या दुष्काळाने होते.

म्हणूनच आर्थिक नुकसानीची पातळी ही कल्पना महत्त्वाची ठरते. १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातील स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन या कीटकशास्त्रज्ञांनी ती मांडली. किडीमुळे होणारे नुकसान जोपर्यंत तिच्या नियंत्रणाच्या खर्चाहून कमी आहे तोपर्यंत फवारणी करू नये, हा तिचा गाभा आहे. हरभऱ्यात ओळीच्या एका मीटरमध्ये एक ते दोन अळ्या, आणि कपाशीत कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ गुलाबी पतंग किंवा दहा टक्के फुले-बोंडे किडलेली, अशा पातळ्या कृषी संशोधनाने ठरवून दिल्या आहेत. कामगंध सापळा म्हणजे मादीच्या गंधासारखे रसायन लावून नर पतंगांना आकर्षित करणारे साधन होय. गुलाबी बोंडअळीच्या गंधाची रासायनिक ओळख १९७३ मध्ये पटली. राज्यातील क्रॉपसॅप या कीड-सर्वेक्षण प्रकल्पाचाही पाया हाच आहे : आधी मोजणी, मग निर्णय.

४. केळी, मावा आणि हरण्या

केळीवरील ज्या विषाणुजन्य रोगाला खान्देशात हरण्या म्हणतात, तो तिसरा धडा देतो. या रोगात पानांवर पिवळे-हिरवे पट्टे उमटतात, पाने आकसतात, पोंगा कुजू शकतो आणि लहान रोप उभारीच धरत नाही. त्याचे कारण असलेला कुकुंबर मोझॅक विषाणू मावा या रसशोषक किडीमार्फत पसरतो. कपाशी, भेंडी, वांगी आणि काकडीवर्गीय वेलींवर राहणारा मावा रोगट झाडावर काही क्षण सोंड टोचतो आणि लगेच पुढच्या झाडावर तीच सोंड टोचताना विषाणू तेथे सोडतो. औषधाने मावा मरायला यापेक्षा अधिक वेळ लागत असल्याने केवळ फवारणीने हा रोग थांबवता येत नाही. केळीत किंवा तिच्या लगत काकडीवर्गीय पिके, टोमॅटो आणि मिरची टाळणे, बांधावरचे तण काढणे, विषाणूमुक्त ऊतिसंवर्धित रोपे लावणे आणि रोगट झाड दिसताच मुळासकट उपटून नष्ट करणे, एवढेच खरे उपाय उरतात.

येथेही वसंत निर्णायक आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरनंतर लावलेली केळीची कांदेबाग त्या वेळी वाढीला लागलेली असते, कलिंगड-खरबुजाचे वेल शेजारी पसरत असतात आणि जून-जुलैत लावायची मृगबाग अजून यायची असते. या दोन बागांमधला पूल तणांचा, वेलींचा आणि तशाच सोडून दिलेल्या रोगट झाडांचा असतो, आणि तो तोडण्याची संधी मृगाच्या आधी, उन्हाळ्यातच मिळते. परंतु एका बागेत रोगट झाडे उपटली आणि शेजारच्या बागेत ती उभी राहिली, तर पहिल्याच्या श्रमाचे फळ पदरी पडत नाही.

५. फुलांवरचे कामकरी

कीटकांचा विचार केवळ शत्रू म्हणून करणे हे शेतीच्या हिशेबातही चुकीचे आहे. खान्देशात बीजोत्पादनासाठी लावलेला कांदा फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो; त्याच्या प्रत्येक फुलातील पराग आधी झडतात आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो, त्यामुळे परागकण एका फुलातून दुसऱ्या फुलात नेणारा कीटक नसेल तर बी भरत नाही. कलिंगडात नर आणि मादी फुले वेगळी असल्याने तेथेही मधमाशीवाचून फळ धरत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी याच काळात पळस, काटेसावर आणि मोह फुलतात आणि आग्या, सातेरी व फुलोरी या मधमाश्यांना त्यांच्यावर आहार मिळतो. हीच वनसंपदा पायथ्याच्या शेतांना परागीभवनाची सेवा विनामूल्य पुरवते. फुलोऱ्यातील पिकावर फवारणी टाळणे आणि ती अपरिहार्य असल्यास माश्या पोळ्यात परतल्यावर सायंकाळी करणे, हा नियम म्हणूनच उत्पन्नाचा नियम आहे.

६. फडाचा वारसा

वरील तिन्ही उदाहरणांचा निष्कर्ष एकच आहे : कीटक शिवाराची सातबाऱ्यावरील वाटणी मानत नाही, म्हणून त्याच्याविषयीचा निर्णय एकट्याने घेऊन भागत नाही. असा सामायिक निर्णय घेण्याची परंपरा खान्देशाला परकी नाही. धुळे जिल्ह्यातील पांझरा आणि नाशिक जिल्ह्यातील मोसम, आरम यांसारख्या नद्यांवर काही शतकांपासून फड सिंचन पद्धती चालत आली. नदीवर बंधारा घालून काढलेल्या पाटाखालील जमिनीचे फड पाडले जात, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावे, बारमाही ऊस कोणत्या फडात आणि हंगामी पिके कोणत्या फडांत असावीत, आणि दरवर्षी हा क्रम कसा फिरवावा, हे गावकरी मिळून ठरवत. पाटकऱ्याची आणि जागल्याची कामे गावानेच नेमलेली माणसे करत. या व्यवस्थेचा हेतू पाणीवाटपाचा होता, पण पिकांची फेरपालट आणि एकाच वेळची पेरणी यांमुळे किडींना अन्नाची सलग साखळी मिळत नसे, हा तिचा दुसरा लाभ होता.

विहीर, विंधनविहीर आणि ठिबक यांनी प्रत्येक शेतकऱ्याला पाण्याच्या बाबतीत शेजाऱ्यापासून स्वतंत्र केले. हे स्वातंत्र्य मोलाचे आहे आणि खान्देशाच्या समृद्धीत त्याचा मोठा वाटा आहे. मात्र त्याच वेळी गावाचे सामायिक पीकवेळापत्रक मोडले. आता एकाच शिवारात मे महिन्यातील, जूनमधील आणि जुलैतील कपाशी शेजारी शेजारी असते, आणि एकाच्या फरदडीवर वाढलेली अळी दुसऱ्याच्या पूर्वहंगामी कपाशीवर उतरते. पाण्याने जी एकजूट पूर्वी घडवून आणली होती, ती आता जाणीवपूर्वक उभी करावी लागणार आहे.

७. कृतीचा आराखडा

खान्देशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा शेतीच्या नव्या वर्षाचा दिवस असून सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या कराराने राबणाऱ्या शेतमजुराचे, साल याच दिवसापासून मोजले जाते. जानेवारीतील संक्रांत आणि एप्रिल-मेमधील आखाजी या दोन सणांच्या दरम्यान शिवारात कपाशीचे एकही उभे झाड नसावे, असा ठराव ग्रामसभांनी केल्यास शास्त्राने सांगितलेला कपाशीमुक्त काळ लोकांच्या ओळखीच्या पंचांगात बसतो आणि त्याला जोडून मे महिन्यातील लागवड टाळली की तो पहिल्या पावसापर्यंत लांबतो. त्यासाठी डिसेंबरअखेर शेवटची वेचणी उरकावी आणि उरलेल्या बोंडांवर शेळ्या-मेंढ्या चाराव्यात. धुळे परिसरातील ठेलारी आणि धनगर मेंढपाळांचे कळप शेतात बसवल्यास किडकी बोंडे संपतात आणि जमिनीला खतही मिळते. त्यानंतर पऱ्हाटी उपटून यंत्राने तिचा भुगा करावा, तो कंपोस्टसाठी वापरावा आणि ढीग रचून ठेवू नयेत. जिनिंगच्या आवारांत कामगंध आणि प्रकाश सापळे लावावेत आणि किडकी सरकी व कचरा तत्काळ नष्ट करावा. उन्हाळ्यात खोल नांगरट करावी, म्हणजे जमिनीतील कोष वर येऊन खान्देशच्या कडक उन्हात आणि पक्ष्यांच्या चोचीत नाहीसे होतात. जूनमध्ये गळणाऱ्या निंबोळ्या गोळा करून वाळवाव्यात, म्हणजे पाच किलो निंबोळी शंभर लिटर पाण्यात घेऊन केलेला पाच टक्के अर्क हंगामाच्या सुरुवातीच्या रसशोषक किडींसाठी घरचाच उपलब्ध होतो.

या आराखड्याचा भार कोणावर पडतो, हेही स्पष्टपणे मांडले पाहिजे. फरदडीचे शेवटचे दोन-चार क्विंटल हा अल्पभूधारकाचा उन्हाळ्यातील रोख पैसा असतो, आणि पऱ्हाटी हे मजुराच्या चुलीचे सरपण असते. गावाच्या हितासाठी ज्यांनी या दोन्ही गोष्टी सोडाव्यात अशी अपेक्षा आहे, त्यांना लवकर रिकाम्या झालेल्या शेतात उन्हाळी तीळ किंवा मूग घेण्यासाठी बियाणे आणि पाणी, तसेच पऱ्हाटी उपटण्याच्या यंत्राचे भाडे आणि पर्यायी इंधन मिळण्याची व्यवस्था करणे हे शासनाचे, बाजार समित्यांचे आणि कपाशीवर चालणाऱ्या उद्योगांचे कर्तव्य ठरते. केवळ बंदी घालून कपाशीमुक्त काळ टिकणार नाही. तो गरिबातल्या गरीब शेतकऱ्याला परवडला तरच टिकेल.

राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ, धुळ्याचे कृषी महाविद्यालय, जळगावची संशोधन केंद्रे आणि दोन्ही जिल्ह्यांतील कृषी विज्ञान केंद्रे यांच्याकडे या कामासाठी लागणारे ज्ञान आहे. कमतरता आहे ती शिवाराच्या पातळीवरील एकमताची. म्हणून प्रत्येक गावाने या वर्षी संक्रांतीपूर्वी ग्रामसभेत एकच ठराव मांडावा, तो आखाजीपर्यंत पाळावा, ऑगस्टमध्ये कामगंध सापळ्यांतील पतंग मोजून त्याचा परिणाम गावासमोर ठेवावा आणि पुढील वर्षी शेजारच्या गावाला आपल्यासोबत घ्यावे, असे आवाहन या व्याख्यानाच्या निमित्ताने खान्देशातील शेतकऱ्यांना करण्यात येत आहे.